खिडकीवरचा मळ आणि चार्टवरचा ताप

रुग्णालयातलं एखादं उपकरण किती टिकाऊ आहे हे ठरवताना आपण सहसा ते किती वर्षं चालू राहिलं एवढंच पाहतो. हातातून पडलं तरी फुटलं नाही, बॅटरी बदलली की पुन्हा सुरू झालं, पाच वर्षांनीही पडद्यावर आकडे उमटत आहेत, म्हणजे वस्तू दणकट. सलाइनच्या स्टँडला किंवा खाटेला ही कसोटी पुरेशी आहे. कानातून ताप मोजणाऱ्या थर्मामीटरला ती लावणं मात्र चूक आहे आणि त्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो, असं माझं स्पष्ट मत आहे. हे उपकरण बंद पडण्याच्या कितीतरी आधी बिघडलेलं असतं. बिघडल्यावरही ते दोन सेकंदांत, दशांश चिन्हासह, ठामपणे आकडा दाखवत राहतं. वाईट म्हणजे हा बिघाड बहुतेक वेळा एकाच दिशेने जातो आणि ताप असतो त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून या थर्मामीटरचं आयुष्य त्याच्या प्लास्टिकच्या कवचावरून मोजता येत नाही. ते त्याच्या टोकाशी असलेल्या बोटाच्या पेराहूनही लहान खिडकीच्या स्वच्छतेवरून आणि त्याच्या नियमित तपासणीवरून मोजावं लागतं.

हे असं का, ते कळण्यासाठी उपकरण काय करतं ते पाहू. पाऱ्याचा थर्मामीटर शरीराला चिकटून स्वतः तापतो आणि मग वाचला जातो. कानातला थर्मामीटर कशालाही चिकटत नाही. कानाचा पडदा आणि कर्णनलिकेच्या भिंती जी उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात, ती तो क्षणभर टिपतो. हे किरण अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारे. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे थर्मामीटर धरून त्यांचा शोध लावला. माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या किरणांचा जोर सर्वाधिक असतो तो साधारण नऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास. कानच का निवडला, याचं उत्तर शरीररचनेत आहे. कानाच्या पडद्याला कॅरोटिड धमनीच्या शाखांमधून रक्त मिळतं आणि शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस तिथून जवळच आहे. शरीराच्या गाभ्याचं तापमान कळण्यासाठी कान ही चांगली जागा आहे, हे थिओडोर बेंझिंगर यांनी अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत विसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिलं. स्पर्शाविना मोजण्याचं तंत्र पुढे आलं. त्यात ग्रहताऱ्यांची उष्णता दुरून मोजणाऱ्या अवकाश संशोधनाचाही हात होता. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या मदतीने सॅन दिएगोच्या डायटेक कंपनीने तयार केलेला कानाचा थर्मामीटर १९९१च्या सुमारास रुग्णालयांत पोहोचला. दूरच्या ग्रहांसाठी घडवलेली विद्या तापाने फणफणलेल्या मुलाच्या कानापाशी आली, ही गोष्ट मला आजही सुंदर वाटते.

टोकाच्या खिडकीतून आत आलेले किरण बहुधा थर्मोपाइल नावाच्या संवेदकावर पडतात. दोन वेगळ्या धातूंचे किंवा अर्धवाहकांचे अनेक सांधे एकापुढे एक जोडलेले असतात. सांध्याची एक बाजू किरणांनी किंचित तापली की अतिसूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. पण इथे एक महत्त्वाची मेख आहे. हा दाब कानाचं तापमान सांगत नाही, कान आणि खुद्द संवेदक यांच्यातला फरक सांगतो. संवेदक स्वतः किती तापलेला आहे हे दुसरा एक छोटा घटक मोजतो आणि दोन्हींचा मेळ घालून उपकरणातली चिप आकडा काढते. म्हणजे पडद्यावरचा आकडा वाचलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो. तो हिशेब श्टेफान यांनी १८७९मध्ये मांडलेल्या आणि बोल्ट्झमान यांनी १८८४मध्ये सिद्धान्ताने पक्क्या केलेल्या नियमावर चालतो: वस्तूतून निघणारी किरणांची ऊर्जा तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. हिशेबात गृहीत धरलेली खिडकी स्वच्छ असते. वॉर्डातली खिडकी तशी असेलच असं नाही.

आता हाच हिशेब आपण करून पाहू. रुग्णाच्या कानात ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या बोलण्यातला १०१.३ ताप आहे. खोली आणि उपकरण २५ अंशांवर आहेत. खिडकीवर कानातल्या मळाचा किंवा बोटाच्या तेलाचा पातळ थर बसला आहे, तो येणाऱ्या किरणांपैकी पाच टक्के अडवतो, आणि तो थर उपकरणाच्याच तापमानाला आहे असं धरू. चौथ्या घाताच्या नियमाने आकडा ३७.९वर उतरतो. १०१.३चा ताप १००.२ झाला. खोली वातानुकूलित, २० अंशांवर असेल, तर तोच मळ आकडा ३७.७च्या आसपास नेतो. उलट, पंख्याच्या हवेतला वॉर्ड ३५ अंशांवर असेल, तर तोच मळलेला थर्मामीटर ३८.३ दाखवतो, म्हणजे जवळजवळ बरोबर. प्रत्यक्षात काही मॉडेलांची टोकं आधीच गरम केलेली असतात, प्रत्येक उत्पादकाच्या दुरुस्त्या वेगळ्या असतात, त्यामुळे नेमके आकडे बदलतील; चुकीची दिशा बदलणार नाही. आणि या उदाहरणातून जे निघतं ते धक्कादायक आहे. रुग्ण दाखल असतात त्या विभागांपैकी सहसा सर्वांत थंड ठेवला जाणारा कोणता? अतिदक्षता विभाग. सर्वांत नाजूक रुग्ण कुठे असतात? तिथेच. घाणीमुळे होणारी चूक सर्वांत मोठी होते तीही तिथेच.

पाच टक्क्यांची घाण डोळ्याला दिसेलच असं नाही. डोळ्याला जे पारदर्शक दिसतं ते या लांब तरंगलांबीच्या किरणांना पारदर्शक असतंच असं नाही, आणि उलटही खरं आहे. साधी काच हे किरण अडवते. म्हणून खिडकीसाठी सिलिकॉनसारखे वेगळे पदार्थ वापरावे लागतात. पाणी आणि स्पिरिट दोन्ही हे किरण चांगलेच शोषतात. त्यामुळे घाईने ओल्या बोळ्याने पुसून लगेच कानात घातलेला थर्मामीटर, पुसलेला असूनही, चुकतो: ओलावा किरण अडवतो आणि उडून जाणारं स्पिरिट टोक थंड करतं. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापसाने खिडकी हलकेच पुसणं, मग कोरड्या कापसाने टिपणं आणि काही मिनिटं थांबणं, एवढं साधं काम आहे हे. पण चाळीस खाटांच्या वॉर्डात सकाळच्या टीपीआरच्या, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींच्या, वेळी दोन सिस्टर असतील, तर ती काही मिनिटं कुठून येणार, हा प्रश्न मी सिस्टरांना विचारणार नाही. तो त्यांची ड्यूटी लावणाऱ्यांना विचारायला हवा.

मळ खिडकीपर्यंत पोहोचू नये यासाठीच टोकावर प्लास्टिकचं पातळ कव्हर घालायचं असतं. बहुतेकांना ते फक्त संसर्ग टाळण्यासाठी वाटतं. ते काम तर आहेच, पण कव्हर हा मोजमापाचाही भाग आहे. पॉलिथिलीनचा तो पापुद्रा काही किरण अडवतो आणि ते गृहीत धरूनच कारखान्यात आकडा जुळवलेला असतो. दुसऱ्या कंपनीचं जाड कव्हर घातलं, तेच कव्हर पुसून पुन्हा वापरलं, सुरकुतलेलं चढवलं, किंवा कव्हराशिवायच मोजलं, की हिशेबाचा पाया सरकतो. कव्हराशिवाय वापरायची मॉडेलं निराळी असतात आणि त्यांची खिडकी प्रत्येक रुग्णानंतर पुसावी लागते. कव्हरांचा खर्च कोणी मांडत नाही, म्हणून तो इथे मांडतो. तीस खाटा, दिवसातून चार नोंदी, वर्षाचे ३६५ दिवस: एका वॉर्डाला वर्षाला ४३,८०० कव्हरं लागतात. थर्मामीटर एकदाच विकत घेतला जातो, त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते आणि खरेदीची फाइल बंद होते. चव्वेचाळीस हजार कव्हरांचा इंडेंट मात्र दरवर्षी टाकावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो आणि माल वेळेवर यावा लागतो. जिथे हे होत नाही तिथे पहिल्या खोक्यातली कव्हरं संपतात त्या दिवसापासून ते उपकरण वेगळंच काहीतरी मोजू लागतं, पण कुणालाही कळत नाही.

बाकीचे धक्के तुलनेने लवकर लक्षात येतात. पडल्यावर टोकाला बारीक चीर जाते आणि आत दमटपणा शिरतो, जुन्या बॅटरीतून पाझरलेल्या रसायनाने तिची टोकं गंजतात, फरशीसाठी आणलेल्या हायपोक्लोराइटने कोणी पुसला तर प्लास्टिक आणि खिडकी खराब होते, संपूर्ण बुडवला तर संपतोच. यांपैकी पडण्याबद्दल एक नियम पाळला तरी पुष्कळ आहे: पडलेला थर्मामीटर चालू दिसला तरी तपासल्याशिवाय पुन्हा वॉर्डात येऊ नये. खोलीच्या तापमानाचं बंधनही विसरलं जातं. अनेक मॉडेलं १० ते ४० अंशांच्या दरम्यानच वापरायची असतात आणि एका जागेतून दुसरीकडे नेल्यावर अर्धा तास थांबायला सांगितलेलं असतं. चंद्रपूर किंवा नागपूरला मे महिन्यात बाहेरचा पारा ४५च्या पुढे जातो. तिथल्या व्हरांड्यात लावलेल्या जादा खाटांवर हे उपकरण वापरण्याजोगं असतंच असं नाही. वातानुकूलित नर्सिंग स्टेशनच्या ड्रॉवरमधून काढून थेट अशा व्हरांड्यात नेलं, तर संवेदकाचं स्वतःचं तापमान अजून बदलतच असतं आणि हिशेब त्या बदलाच्या मागे धावत राहतो.

अर्ध्या-पाऊण अंशाने एवढं काय बिघडतं, असं कोणी विचारेल. बरंच बिघडतं, कारण आजचं उपचारशास्त्र उंबरठ्यांवर चालतं. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७मध्ये सुधारलेल्या धोकासूचक गुणपद्धतीत ३८.० अंशांपर्यंत शून्य गुण आहेत, ३८.१पासून एक आणि ३९.१पासून दोन, गुण वाढले की डॉक्टरला बोलावायचं. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या बाबतीत एकदा ३८.३ दिसला, किंवा ३८.० तासभर टिकला, की तातडीने प्रतिजैविकं सुरू करायची, असा अमेरिकी संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा निकष जगभर वापरला जातो. अशा रुग्णाच्या अंगात पू धरायलाही पेशी उरलेल्या नसतात. ताप हीच अनेकदा पहिली आणि एकमेव खूण. आपल्या हिशेबातला रुग्ण आठवा: खरा ताप ३८.५, पडद्यावर ३७.७. त्याच्या चार्टवर सिस्टर प्रामाणिकपणे ३७.७ लिहिणार, रात्रीच्या हँडओव्हरमध्ये ताप नाही असं सांगितलं जाणार, आणि या साखळीत कुणीही चुकलेलं नसेल.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, उपकरणाच्या चुकीपेक्षा वापरणाऱ्याच्या पद्धतीची चूक मोठी असते. मग खिडकीच्या मळाचा एवढा बाऊ कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढून नलिका सरळ केली नाही, तर टोक पडद्याऐवजी थंड भिंतीकडे रोखलं जातं. उशीवर दाबलेला कान जास्त ताप दाखवतो. २००२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये क्रेग आणि सहकाऱ्यांनी ४,४४१ मुलांवरच्या ३१ तुलनांचा आढावा घेतला, गुदद्वाराच्या तापमानापेक्षा कानातलं सरासरी फक्त ०.२९ अंशाने कमी होतं, पण एकेका मुलाच्या बाबतीत हा फरक कानात ०.७४ने जास्त ते १.३२ने कमी इतका पसरलेला होता. त्याच गटाच्या २००६च्या आढाव्यात कानाच्या थर्मामीटरने तापाची खरी प्रकरणं सुमारे ६४ टक्केच ओळखली होती. हे आकडे मला आक्षेपाच्या बाजूचे वाटत नाहीत. पद्धतीची चूक आज एकाच्या बाबतीत होते, उद्या दुसऱ्याच्या. पुन्हा मोजलं तर ती बरेचदा पकडता येते. मळलेली खिडकी त्या वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाला, प्रत्येक वेळी, त्याच बाजूला चुकवते, आणि दहा वेळा मोजलं तरी दहाही आकडे एकमेकांशी जुळतात. जुळणारे आकडे पाहून विश्वास वाढतो. शिवाय मुळातच एवढा पसारा असलेल्या मोजमापात आपण हाताने टाळता येणारी चूक आणखी का घालावी? कानाच्या थर्मामीटरसाठी अमेरिकेच्या एएसटीएम मानकाने ३७ ते ३९ अंशांत ०.२ अंशाची सूट दिली आहे, तर पाऱ्याच्या आणि साध्या इलेक्ट्रॉनिक थर्मामीटरला ०.१ची. म्हणजे इथे शिल्लक आधीच कमी आहे.

दुसरा आक्षेप उत्पादकांच्या बाजूने येतो: उपकरण सुरू होताना स्वतःची तपासणी करतं, मग वेगळं कॅलिब्रेशन कशाला? या स्वतःच्या तपासणीत बॅटरी, सर्किट, खोलीचं तापमान एवढंच तपासलं जातं. खिडकीवर किती किरण अडले हे कळायला समोर माहीत असलेल्या तापमानाचा स्रोत लागतो, आणि तो उपकरणाच्या आत नसतो. तो स्रोत म्हणजे कृष्णिका: तापमान अंशाच्या शतांशापर्यंत स्थिर ठेवलेल्या पाण्यात बुडवलेली, आतून काळी, खोल पोकळी, जिच्या तोंडातून जवळजवळ आदर्श किरण बाहेर येतात. अशा पोकळ्याही एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. स्लोव्हेनियातील लुब्लियाना विद्यापीठ आणि ब्रिटनची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी यांनी त्यांची अशी तुलना २००४मध्ये प्रसिद्ध केली. कोणताही वॉर्ड कृष्णिकेवरची ही तपासणी करू शकणार नाही, आणि करण्याची गरजही नाही. वर्षातून एकदा योग्य प्रयोगशाळेतून तपासून घेणं, आणि मधल्या काळात प्रत्येक मजल्यावर एक तपासलेला, जपून ठेवलेला थर्मामीटर बाजूला ठेवून महिन्यातून एकदा वॉर्डातले बाकीचे त्याच्याशी एकाच माणसाच्या एकाच कानात ताडून पाहणं, हे कोणत्याही जिल्हा रुग्णालयाला जमण्यासारखं आहे. ताडताना दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच सेटिंगवरचे हवेत, कारण काही मॉडेलं कानातला आकडा तोंडातल्या किंवा गाभ्याच्या तापमानाशी जुळवून दाखवतात. एकाच रुग्णालयात तीन कंपन्यांचे थर्मामीटर असतील, तर खाट बदलताच ताप बदललेला दिसू शकतो.

जुन्या पिढीतल्या अनेक डॉक्टरांना वाटतं, पारा बरा होता. झटकला की झालं, ना बॅटरी, ना कव्हर. पाऱ्याचं आकड्याशी असलेलं इमान खरंच मोठं होतं, त्याचं कौतुक मलाही आहे. पण तोही डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखा कधीच नव्हता. १८६८मध्ये सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ लिहून ज्यांनी तापाचा आलेख रुग्णालयांत रुजवला, त्या जर्मन वैद्य वुंडरलिश यांच्या थर्मामीटरपैकी एक फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहे. तो तपासला तेव्हा आजच्या उपकरणांपेक्षा अंशाहून अधिक जास्त दाखवत असल्याचं आढळलं. आणि फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा वॉर्डात वाफ होऊन सर्वांच्या श्वासात जातो. पाऱ्याचा वापर आवरणारा मिनामाता करार २०१३मध्ये झाला, २०१७मध्ये अंमलात आला, भारताने तो २०१८मध्ये स्वीकारला. पाऱ्याकडे परत जाण्याचा रस्ता बंद आहे आणि तो बंद असणंच योग्य आहे.

राहतो पैशाचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशातल्या २९,११५ आरोग्यसंस्थांमधल्या साडेसात लाखांहून अधिक उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं नादुरुस्त निघाली. त्यातूनच २०१५मध्ये जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. ती बंद पडलेली उपकरणं होती, म्हणून मोजता आली. चालू असून चुकणारी उपकरणं अशा कोणत्याही यादीत येत नाहीत. म्हणूनच थर्मामीटर कंडेम करण्याचा निकष बदलायला हवा: पडदा उजळत नाही म्हणून नव्हे, तर तपासणीत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला म्हणून तो बाद व्हावा, आणि तपासणीची तारीख त्याच्या अंगावर चिकटवलेली असावी. आणि ज्या रुग्णालयाला कव्हरांचा वार्षिक पुरवठा आणि वर्षाची तपासणी परवडत नाही, त्याने कानाचा थर्मामीटर घेऊच नये. काखेत लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर मंद आहे, पण त्याला खिडकी नाही, खोलीच्या तापमानाचे एवढे लाड नाहीत, आणि चार आठवड्यांच्या आतल्या बाळांसाठी तर ब्रिटनची नाइस ही संस्था इलेक्ट्रॉनिक थर्मामीटरने काखेतच ताप मोजायला सांगते. दोन सेकंदांत मिळालेल्या चुकीच्या आकड्यापेक्षा दोन मिनिटांनी मिळालेला बरोबर आकडा केव्हाही चांगला.

रुग्णालयांच्या खरेदी समित्यांना म्हणून एवढीच विनंती: पुढच्या निविदेत थर्मामीटरच्या किमतीशेजारी पाच वर्षांच्या कव्हरांची आणि पाच तपासण्यांची किंमत लिहून मग दर ताडा. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरचं माणूस वॉर्डात असेल, अंगाला हात लावल्यावर चटका बसत असेल आणि चार्टवर मात्र ताप नसेल, तर सिस्टरांना नवं कव्हर घालून, किंवा दुसऱ्या थर्मामीटरने काखेत, पुन्हा एकदा मोजायला सांगा. असं सांगण्यात त्यांचा अपमान नाही. चांगल्या सिस्टर ते आनंदाने करतात.